दीड इंचाची लेन्स

अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफी म्हटलं की आपल्यातले निम्मे जण आधीच हात वर करतात. त्याला लाखाचा टेलिस्कोप लागतो, मोटर लागते, आपलं काम नाही ते! अशा सगळ्यांना मी एका बाईंबद्दल सांगते. त्यांनी जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींना जमलं नाही ते दीड इंच व्यासाच्या लेन्सने करून दाखवलं, आणि तेही आपल्या विदर्भात येऊन. त्यांचं नाव अ‍ॅनी मॉन्डर.

अ‍ॅनी रसेल (हे माहेरचं नाव) १४ एप्रिल १८६८ ला आयर्लंडमधल्या स्ट्रबेन गावी जन्मली. वडील धर्मोपदेशक, घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. हुशारीच्या जोरावर ती केंब्रिजच्या गर्टन कॉलेजला पोचली आणि १८८९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर ऑप्टिमे म्हणून पास झाली. पण डिग्री? ती नाही मिळाली. केंब्रिज तेव्हा मुलींना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी मात्र द्यायचं नाही. चार वर्षं सबमिशन्सच्या फाइली घासून हातात काहीच नाही, अशी कल्पना करा!

वर्षभर शाळेत शिकवल्यावर १८९१ मध्ये ती ग्रीनिचच्या रॉयल ऑब्झर्वेटरीत 'लेडी कॉम्प्युटर' म्हणून लागली. हो, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे माणूसच, आकडेमोड करणारा. पगार महिना ४ पौंड, म्हणजे शिक्षिकेपेक्षाही खूप कमी. तरी तिने तो घेतला, कारण तिला आकाशाजवळ जायचं होतं. काम सूर्याचं. रोज सूर्याचा फोटो काढायचा, त्यावरचे डाग मोजायचे. लंडनला ढग असले की डेहराडून आणि मॉरिशसहून आलेल्या प्लेट्सवर ती भर काढायची.

या विभागाचे प्रमुख होते वॉल्टर मॉन्डर. विधुर, पाच मुलांचे वडील, तिच्यापेक्षा १७ वर्षांनी मोठे. १८९५ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि नियमाप्रमाणे विवाहित स्त्री म्हणून तिची नोकरी गेली. त्याआधी १८९२ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेलोशिपसाठी तिचं नाव सुचवलं गेलं होतं, तेही मतदानात पडलं होतं. डिग्री नाही, फेलोशिप नाही, नोकरी नाही. मला वाटतं इथे बहुतेकांनी विषय सोडून दिला असता. तिने मात्र कॅमेरा घेतला.

गर्टन कॉलेजकडून तिला संशोधनासाठी थोडी ग्रँट मिळाली. तिच्यातून तिने आकाशगंगेचे फोटो काढण्यासाठी एक छोटा कॅमेरा तयार करवून घेतला. डॉलमेयर कंपनीची लेन्स, व्यास दीड इंच, फोकल लेंग्थ ९ इंच. आपल्या भाषेत सांगायचं तर २३० मिलिमीटर, एफ/६. आता जरा थांबा आणि मित्राच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली ती ५५-२५० ची झूम आठवा. २३० ला लावून ती एफ/५.६ ला उघडते. म्हणजे जवळजवळ तोच आकडा! फरक एवढाच की अ‍ॅनीकडे काचेच्या प्लेट्स होत्या आणि आपल्याकडे सेन्सर आहे.

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून तिरका गेला. जगभरचे लोक आले. अमेरिकेच्या लिक ऑब्झर्वेटरीचे कॅम्पबेल सोलापूरकडच्या जेऊरला उतरले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे (म्हणजे आजच्या सीओईपीचे) प्रोफेसर कावसजी नायगमवाला हेही आपली यंत्रं घेऊन जेऊरलाच होते. मुंबईत प्लेगचा काळ होता, तरी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची टोळी वऱ्हाडात तळणीला पोचली. तळणी नावाची गावं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ही रेल्वे लाइनवरची, धामणगाव आणि पुलगावच्या मधली, आमच्या बीबीपासून दोनशेएक किलोमीटरवर. त्या टोळीत अ‍ॅनी आणि वॉल्टर होते, पुढे कोडाईकॅनॉलला आलेले जॉन एव्हरशेडही होते.

दोनच वर्षांपूर्वी, १८९६ ला, हे नवराबायको ग्रहणासाठी पार नॉर्वेला गेले होते आणि ढगांनी सगळं पाण्यात गेलं होतं. तळणीला आकाश स्वच्छ होतं. हातात वेळ जेमतेम दोन मिनिटं. रीटेक नाही!

अ‍ॅनीच्या त्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातून (कोरोनातून) निघालेला एक किरण पकडला. त्याची लांबी साधारण एक कोटी किलोमीटर निघते. इतका लांब किरण तोपर्यंत कुणाच्याच फोटोत आला नव्हता. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले तर गंमत कळली: तिच्या प्लेटवर सूर्य असणार फक्त दोन मिलिमीटरचा, आणि तो एक कोटी किलोमीटरचा किरण जेमतेम दीड सेंटिमीटरचा.

मोठ्या दुर्बिणींना हे का नाही जमलं? कारण त्यांची फोकल लेंग्थ लांब. प्रतिमा मोठी येते, पण तोच अंधुक उजेड मोठ्या जागेवर पसरतो आणि प्लेटवर उमटतच नाही. पसरट, अंधुक गोष्टीसाठी लेन्स किती मोठी यापेक्षा तिचा एफ-नंबर किती हे महत्त्वाचं. प्रभामंडल असो, आकाशगंगा असो की मृगातला तेजोमेघ, नियम हाच.

तेजोमेघाचा विषय निघालाच आहे तर सांगते. बीबीला, लोणार तालुक्यातल्या आमच्या गावी, रात्री गच्चीवरून मृग इतका स्वच्छ दिसतो की पुण्या-मुंबईच्या मुलांना खोटं वाटेल. माझ्याकडे सेकंडहँड डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स आहे. मृग खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्याने तिथले तारे सगळ्यात भराभर सरकतात. त्यामुळे ट्रायपॉडवर ६ सेकंदांच्या वर गेलं की तारा टिंब न राहता रेघ होतो. (२३० ला तर सव्वा-दीड सेकंदच मिळतो.) मग उपाय काय? लेन्स एफ/२.८ ला, आयएसओ १६००, व्याधाच्या ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करून हाताने फोकस, आणि बटणाला धक्का लागू नये म्हणून सेल्फ टायमर. असे दोनशे फोटो काढायचे आणि डीप स्काय स्टॅकर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर रचायचे. नॉइज वर्गमुळाच्या हिशोबाने दबतो, म्हणजे दोनशे फोटोंत सिग्नल साधारण चौदा पट वर येतो. सेम-टूच्या मॅथ्सचा एवढा रोख उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

असो, बाईंकडे परत येते. १९०० ला अल्जिअर्स, १९०१ ला मॉरिशस, १९०५ ला लॅब्राडॉर (पुन्हा ढग!) असे ग्रहणाचे दौरे चालूच राहिले. घरात दोघांनी मिळून वर्षानुवर्षांच्या डागांच्या नोंदी कागदावर मांडल्या, तेव्हा फुलपाखरांच्या पंखांसारखा आकार उमटला. १९०४ मधली ही 'बटरफ्लाय डायग्राम' आजही सूर्याच्या प्रत्येक पुस्तकात असते. त्याच सुमारास वॉल्टरने मांडलं की पृथ्वीवरच्या चुंबकीय वादळांचं कारण सूर्याकडून अरुंद झोतांमधून येतं. तळणीचा तो लांब किरण पाहिलेल्या घरात ही कल्पना सुचली यात मला नवल वाटत नाही. सौरवाताचा पुरावा यानांनी दिला तो १९६० च्या आसपास.

१९०८ मध्ये दोघांच्या नावाने 'द हेवन्स अँड देअर स्टोरी' हे पुस्तक आलं. प्रस्तावनेत वॉल्टरने सरळ कबूल केलं की जवळजवळ सगळं बायकोने लिहिलंय. पहिल्या महायुद्धात ग्रीनिचची माणसं कमी पडली तेव्हा ती परत कामाला गेली, पण बिनपगारी. आणि सोसायटीची फेलोशिप? १९१६ मध्ये मिळाली. नाव पडल्यापासून २४ वर्षांनी! १९२८ मध्ये वॉल्टर गेले, आणि १५ सप्टेंबर १९४७ ला अ‍ॅनी.

त्याच सोसायटीने २०१६ पासून अ‍ॅनी मॉन्डर पदक सुरू केलंय, आणि २०१८ मध्ये ग्रीनिचला बसवलेल्या नव्या दुर्बिणीला तिचं नाव दिलंय.

मार्गशीर्ष अमावास्येला मी बीबीला आहे. ज्यांच्याकडे ती ५५-२५० पडून आहे त्यांनी घेऊन या, एकदा २३० ला लावून बघूच. स्वेटर आणा, जादा बॅटरी आणा (थंडीत ती झपाट्याने उतरते), आणि टॉर्चला लावायला लाल जिलेटिन कागद विसरू नका. जेवणाची सोय आजीकडे.