कवटीत जात सापडत नाही!

जात रक्तातच असते, असे सांगणारे लोक आजही कमी नाहीत. पूर्वी ते पूर्वजन्माचा आधार घेत, आता जनुकांचा घेतात. युरोपात हाच दावा वंशाच्या नावाने केला जात होता. तो जिथे शास्त्र म्हणून शिकवला जाई, त्याच संस्थेत बसून एका मराठी स्त्रीने तो मोजमापाने खोडून काढला. ती स्त्री म्हणजे इरावती कर्वे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून त्या सर्वांना माहीत आहेत, त्यांचे हे काम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला. इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी त्या पुण्याच्या हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. एम.ए.चा प्रबंध स्वतःच्याच चित्पावन जातीवर लिहिला. पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जाण्यास सासरे महर्षी कर्वे यांचाच विरोध होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या घरातही सुनेला परवानगीचा प्रश्न सुटला नव्हता! पती दिनकर कर्वे यांनी साथ दिली, जीवराज मेहता यांनी कर्ज दिले आणि १९२८ साली त्या बर्लिनला पोहोचल्या.

तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशुद्धीचे पुरस्कर्ते होते. गोऱ्यांच्या कवटीची डावी व उजवी बाजू इतरांपेक्षा अधिक असमान असते आणि त्यांच्या तर्कबुद्धीचे मूळ त्यातच आहे, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. असमानता सर्वच कवट्यांत होती. तिचा वंशाशी संबंध मात्र आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तेच लिहिले. परक्या देशात, कर्जावर शिकणाऱ्या तरुण विद्यार्थिनीने गुरूचे गृहीतक नाकारणे ही लहान गोष्ट नव्हे. १९३३ साली नाझी सत्तेवर आले, सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला आणि फिशर यांची संस्था त्याच धोरणाच्या सेवेत रुजू झाली. खोटे शास्त्र किती माणसे मारू शकते, हे जगाने पुढे पाहिले.

मायदेशी परतल्यावर इरावतीबाईंनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी गावोगाव हिंडून माणसे मोजली. आमच्या भागातील, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील भिल्लांची सामाजिक-आर्थिक पाहणीही त्यांनी केली. महाराष्ट्रातील निरनिराळ्या ब्राह्मण जातीही शरीराने एकसारख्या नाहीत, असे त्यांना दिसले. जात म्हणजे आपसांत लग्ने करणारा नातेवाइकांचा गट, असे प्रतिपादन त्यांनी १९६१ च्या हिंदू समाजावरील ग्रंथात केले. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

परंतु त्यांची मर्यादाही सांगितलीच पाहिजे. त्यांना शेजारी-शेजारी राहणारे गट दिसले; एकमेकांच्या डोक्यावर बसलेले गट तितक्या ठळकपणे दिसले नाहीत. उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसाला जात हा नुसता नात्यागोत्याचा प्रश्न कधीच वाटला नाही.

इथे बाबासाहेबांकडे वळावे लागते. १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात असल्याचे दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या विवाहपद्धतीची हत्यारे होत, असे सिद्ध केले. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी घुर्ये यांचीच नाकाची मोजमापे घेऊन, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशाचे नाहीत, असा निष्कर्ष काढला. इरावतीबाईंच्या मोजमापाने वंशाची उच्चनीचता पाडली. जातीची उच्चनीचता कोणत्या खांबावर उभी आहे, हे बाबासाहेबांनी सांगितले. तो खांब म्हणजे स्त्रीवरील ताबा.

म्हणून आज रनाळ्यासारख्या गावातल्या मुलीने जातीबाहेर लग्न ठरवले, तर तिला अडवणारे रक्ताची भाषा बोलतात. विशेष विवाह कायदा १९५४ साली झाला. पण त्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीसच कित्येकदा नातेवाइकांच्या हाती पडते आणि मुलीला घरात कोंडले जाते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे. तक्रार द्यायला सोबत जाणारे हात मात्र कमी आहेत. कार्यकर्त्यांनी अशा मुलीच्या पाठीशी उभे राहावे. कवटीत जात सापडत नाही, हे शास्त्राने केव्हाच सांगितले. ती आपल्या घरच्या लग्नात सापडते. ती तिथूनच काढावी लागेल.