दामल्यांचा कान
विष्णुपंत दामले म्हटले की 'संत तुकाराम' (१९३६) आठवतो. पण या दिग्दर्शकाचा कान त्याआधीच तयार झाला होता.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांकडे शिकलेल्या दामल्यांनी १९२९ साली चार भागीदारांसह 'प्रभात' काढली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'चे ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे आले. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोरच गात. साथीदार त्याच्या नजरेआड. खामगावच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी निघते. तसा गळ्यापासून तबला मागाहून वेगळा काढायची तेव्हा सोय नव्हती! कोण मायक्रोफोनजवळ, कोण दूर, हे आधीच ठरवायचे. चुकले की गाणे पहिल्यापासून.

पुढे कंपनी पुण्याला आली. तिथेच दामल्यांनी फत्तेलालांबरोबर 'तुकाराम' केला. १९४५ साली ते गेले.