पंडिता रमाबाईंचें कलकत्ता-दर्शन

घाटकोपर हें आमचें उपनगर अनेक प्रांतांच्या लोकांचें गांव आहे. कोकणांतून, देशावरून, कच्छ-गुजराथेंतून, दक्षिणेंतून व उत्तरेंतून आलेलीं कुटुंबें येथें भिंतीला भिंत लावून नांदतात. त्यांतील ज्या मुलानें पूर्वीं मोठें शहर पाहिलेलें नसतें, त्याला शेजाऱ्याचें जेवण, पोशाख व प्रार्थनेची रीत हीं सारीं विचित्र वाटतात. अशा मुलांस व त्यांच्या आईबापांस उपयोगी पडेल म्हणून, कलकत्त्यासारख्या परक्या महानगरीं प्रथमच गेलेल्या एका महाराष्ट्रीय तरुणीची हकीकत आम्ही येथें देत आहों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं, आजच्या कर्नाटकांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाई यांस शिकविलें, व लक्ष्मीबाईंनीं रमेला. हें कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणें सांगत गांवोगांव हिंडत असे. दुष्काळांत अन्नान्न करीत आईबाप गेले. पुढें थोरली बहीणही गेली. उरलीं रमा व भाऊ श्रीनिवास. शेंकडों कोसांची पायपीट करून हीं दोघें १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. रमेचें वय तेव्हां अवघें वीस वर्षांचें होतें.

कलकत्ता त्या काळीं ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती. तेथील पंडितांनीं या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिचें संस्कृत ऐकून ते थक्क झाले. पंडिता व सरस्वती या दोन पदव्या तिला तेथेंच मिळाल्या. ज्या मुलीस कालपर्यंत पोटभर अन्न नव्हतें, तिचें नांव आतां वर्तमानपत्रांतून गाजूं लागलें.

लौकरच तेथील ख्रिस्ती मंडळींनीं या भावंडांस आपल्या एका मेळ्यास बोलाविलें. ख्रिस्ती लोकांत मिसळण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग. लोक हस्तांदोलन करण्यास पुढें आले. ही रीतही त्यांना नवीन होती. कृष्णमोहन बॅनर्जी व कालीचरण बॅनर्जी यांच्यासारखे जन्मानें ब्राह्मण असलेले गृहस्थ इंग्रजांबरोबर चहा, पाव व बिस्किटें घेत होते, आणि पाहुण्यांनाही आग्रह होत होता. सोंवळ्या-ओंवळ्यांत वाढलेल्या भावंडांस हा घोर अनाचार वाटला. या शहरांत कलियुगाचें राज्य पुरतेंपणीं स्थापन झालें आहे, असें त्यांनीं मनाशीं ठरवून टाकलें. नंतर एकानें पुस्तक उघडून कांहीं वाचलें, आणि मंडळी आपापल्या खुर्चीसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून प्रार्थना करूं लागली. समोर मूर्ति कोठेंच नव्हती. म्हणून हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करीत आहेत, असा पाहुण्यांचा समज झाला. निघतांना त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालें. त्याची भाषा रमाबाईंच्या ओळखीच्या संस्कृताहून इतकी निराळी होती कीं, तें वाचण्यांत वेळ फुकट जाईल असें त्यांना वाटलें. तरी तें पुस्तक त्यांनीं टाकून मात्र दिलें नाहीं. हा सर्व प्रसंग रमाबाईंनीं पुढें १९०७ सालीं आपल्या आत्मवृत्तांत मोकळेपणानें लिहून ठेविला.

दुसरा प्रसंग ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या घरचा. त्यांनीं रमाबाईंची आपल्या पत्नीशीं व मुलींशीं ओळख करून दिली आणि वेद वाचले आहेत काय अशी पृच्छा केली. स्त्रियांना वेदांचा अधिकार नाहीं, ते वाचणें म्हणजे धर्म मोडणें, असें या पंडितेनें सरळ उत्तर दिलें. केशवचंद्र नुसते हंसले. त्यांनीं वाद घातला नाहीं. एका वेदाची प्रत हातीं दिली आणि वेद-उपनिषदें वाचण्याचा सल्ला दिला. ज्या नगरीनें त्यांना सरस्वती म्हटलें, त्याच नगरींत आपल्याला कोणता ग्रंथ वर्ज्य आहे व तो कां, हा प्रश्न त्यांच्यापुढें प्रथम उभा राहिला.

तिसरा प्रसंग पडद्याचा. बंगालच्या थोर घराण्यांतील स्त्रियांपुढें, शास्त्राप्रमाणें स्त्रीधर्म काय यावर व्याख्यानें देण्यास पंडितांनीं रमाबाईंना सांगितलें. त्यासाठीं त्यांनीं कलकत्त्यास छापलेले धर्मशास्त्राचे ग्रंथ विकत घेऊन वाचले. त्यांना असें दिसलें कीं, या ग्रंथांचें एकमेकांशीं अनेक बाबतींत जुळत नाहीं. परंतु स्त्रीजात हीन आहे व पतिसेवेवांचून तिला गति नाहीं, एवढ्यावर मात्र सर्वांचें एकमत आहे. दुसऱ्यांच्या चालीरीति तपासावयास आलेली दृष्टि आतां स्वतःच्या चालीरीतींकडे वळली.

१८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं, जातीचें बंधन न मानतां, नोंदणी पद्धतीनें विवाह केला. १८८२ त पतीही वारले आणि लहानग्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ त त्या अमेरिकेस गेल्या. तेथील लोकस्थितीवर त्यांनीं १८८९ त मराठींत ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याच वर्षीं, ११ मार्च रोजीं, आपल्या या मुंबईंत त्यांनीं शारदा सदन ही विधवांची शाळा उघडली. कोकणांतील गोदूबाई ही बालविधवा, म्हणजे पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, तिच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होती. या सदनांत ब्राह्मण मुलींच्या स्वयंपाकाची व सोंवळ्याची व्यवस्था त्यांच्या रीतीप्रमाणें ठेविली होती. एके काळीं चहा-बिस्किटें पाहून दचकलेल्या या बाई आतां स्वतः ख्रिस्ती होत्या. परंतु आपलें ताट दुसऱ्यापुढें बळेंच सारावें असें त्यांना वाटलें नाहीं. पुढें सदन पुण्यास गेलें. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें असा आरोप होऊन १८९३ सालीं पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. तरी काम थांबलें नाहीं. केडगांवच्या मुक्ति सदनांत दुष्काळानें उघड्यावर पडलेल्या शेंकडों स्त्रियांस व मुलींस आसरा मिळाला. तेथेंच ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या.

विद्यार्थिमित्रांनो, शेजाऱ्याची चाल पाहून प्रथम नवल वाटतें, यांत दोष कांहीं नाहीं. तें रमाबाईंसारख्या विदुषीलाही वाटलें. परंतु त्या नवल करून घरीं परतल्या नाहींत. न आवडलेलें पुस्तक त्यांनीं जवळ ठेविलें, अडचणीचा प्रश्न मनांत ठेविला, आणि जें परक्यांना विचारावयाचें तें आपल्या घरालाही विचारलें. तुमच्या बाकावर शेजारीं बसलेल्या मुलाच्या डब्यांत तुम्हांस अनोळखी असें कांहीं दिसलें, तर नाक मुरडण्यापूर्वीं तें काय आहे हें त्यालाच विचारा. आणि पालकहो, तुमच्या मुलांनीं घरीं येऊन तुमच्याच एखाद्या चालीचें कारण विचारलें, तर त्यांना गप्प बसवूं नका.