टॉम विल्स : एका खेळाचा जनक

मेलबर्नचे विशाल क्रिकेट मैदान आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तेथे सुरू होणाऱ्या कसोटी सामन्यासाठी भल्या पहाटे उठणारी मंडळी आपल्यातही आहेत. हिवाळ्यात मात्र त्याच मैदानावर लंबगोल चेंडूने एक निराळाच फुटबॉल खेळला जातो. त्या खेळाच्या जनकांत अग्रभागी असलेल्या थॉमस वेंटवर्थ विल्सचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही.

विल्सचा जन्म १८३५ साली न्यू साउथ वेल्समध्ये झाला. आजोबा जन्मठेपेचे कैदी म्हणून इंग्लंडहून आलेले. वडील होरेशिओ यांनी मेंढपाळीत मोठी संपत्ती मिळविली. पश्चिम व्हिक्टोरियातील त्यांच्या कुरणांच्या परिसरात जाब वुरुंग या मूळ रहिवाशांची वस्ती होती. लहानगा टॉम त्यांच्या मुलांत खेळला आणि त्यांची भाषा व गाणी शिकला. चौदाव्या वर्षी वडिलांनी त्याला इंग्लंडमधील रग्बी येथील प्रख्यात शाळेत धाडले. तेथे तो अभ्यासात मागे राहिला, पण क्रिकेट संघाचा कर्णधार झाला.

१८५६ च्या अखेरीस तो परतला. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात हातपाय जड होऊ न देता फुटबॉलचा क्लब काढावा आणि नियम करण्यास समिती नेमावी, अशी सूचना त्याने १० जुलै १८५८ रोजी एका क्रीडापत्रातून केली. पुढे १७ मे १८५९ रोजी मेलबर्नच्या एका हॉटेलात विल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी दहा नियम लिहून काढले. सारा मजकूर एका कागदावर मावला! फायलींत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचा हेवा वाटतो. विल्सचा ओढा रग्बीच्या दांडगाईकडे होता. पण नोकरीधंदा सांभाळणाऱ्या प्रौढांना पाय मोडून घेणे परवडणारे नव्हते, म्हणून प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारण्यास बंदी झाली. ऑफसाइडचा नियम तर ठेवलाच नाही. इंग्लंडमधील फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली ती त्यानंतर, १८६३ मध्ये. मूळ रहिवाशांच्या मार्नग्रूक या चेंडूच्या खेळाचा विल्सवर प्रभाव होता काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तसा प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध नाही.

१८६१ मध्ये वडिलांसह तो क्वीन्सलँडमधील नव्या कुरणांकडे निघाला. हजारो मेंढ्या हाकीत केलेला हा प्रवास कित्येक महिने चालला. मुक्काम स्थिरावत असतानाच, १७ ऑक्टोबर रोजी, मूळ रहिवाशांनी छावणीवर हल्ला करून होरेशिओसह १९ जणांना ठार केले. टॉम सामान आणावयास बाहेर गेला होता, म्हणून वाचला. त्यानंतर गोऱ्यांनी घेतलेल्या सुडात मेलेल्यांची संख्या कितीतरी पटींनी अधिक होती.

त्या घटनेला पाच वर्षे झाली आणि याच विल्सने पश्चिम व्हिक्टोरियातील मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघाला शिकविण्याचे काम पत्करले! २६ डिसेंबर १८६६ रोजी मेलबर्नच्या त्याच मैदानावर, हजारो प्रेक्षकांपुढे, तो त्या संघाचा कर्णधार म्हणून उतरला. पितृहत्येचे दुःख आणि बाळपणीची ती भाषा त्याच्या मनात एकत्र कशी नांदली असतील, याचा उलगडा त्याच्या चरित्रातून होत नाही. मला तर त्याच्या आयुष्यातील हाच प्रसंग नियमांच्या कागदाहून मोठा वाटतो. १८६८ साली त्या संघातील अनेक खेळाडू इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. त्या देशात जाणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ. पण त्याचे नेतृत्व चार्ल्स लॉरेन्सकडे होते, विल्सकडे नव्हते.

पुढील वर्षे उताराची. जीलाँगकडून तो फुटबॉल खेळत राहिला, परंतु मद्याने त्याला ग्रासले. २ मे १८८० रोजी, भ्रमिष्टावस्थेत, मेलबर्नजवळील हायडेलबर्ग येथे त्याने स्वतःच्या हाताने जीवनाचा अंत केला. वय अवघे चव्वेचाळीस. खेळाचा जनक हा किताब पुढे त्याचा आतेभाऊ हॅरिसन याला लाभला. विल्सच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. मेलबर्न क्रिकेट क्लबने तो बसविला १९८० मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. २००१ साली मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारण्यात आला. १८५८ साली दोन शाळांमध्ये झालेल्या फुटबॉल सामन्यात पंचाचे काम करणारा तरुण विल्स त्यात दाखविला आहे.