राजर्षी शाहू महाराज आणि भोगावतीचे पाणी

विद्यार्थी मित्रहो आणि पालकहो, राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेतले की आपल्या समाजाला प्रथम आठवते ते 1906 साली त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात सुरू झालेले मुस्लीम बोर्डिंग. त्या उपकाराचे स्मरण आपण दरवर्षी करतो व ते योग्यच आहे. परंतु ज्या राजाने आपल्या मुलांच्या शिक्षणाची सोय केली, त्यानेच रयतेच्या पाण्याचाही विचार केला. त्या कार्याची ओळख या लेखात करून देत आहे.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि 2 एप्रिल 1894 रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. लगेचच 1896-97 चा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ प्लेगची साथ आली. अवघ्या बावीस-तेवीस वर्षांच्या राजाची ती कठोर परीक्षाच होती.

आपला जिल्हा नकाशावर पाहा. पश्चिमेला गगनबावडा व राधानगरीच्या डोंगरात पाऊस अक्षरशः कोसळतो. पूर्वेला हातकणंगले-शिरोळकडे जावे तसा तो कमी कमी होत जातो. पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात, पण ते पाणी पुढे निघून जाते आणि उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही. म्हणजे आपल्याकडे पाण्याची वाण नव्हती, ते साठविण्याची सोय नव्हती. महाराजांनी हे ओळखले. 1902 साली त्यांनी संस्थानचे पाटबंधारे धोरण ठरविले, त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला आणि गावोगावच्या विहिरी व तलाव यांची पाहणी करविली. आधी मोजणी, मग योजना, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यातूनच भोगावती नदीवर फेजिवडे गावाजवळ मोठे धरण बांधण्याची योजना पुढे आली. तेथील नव्या वसाहतीला त्यांनी आपल्या कन्येचे नाव देऊन ती राधानगरी केली, तर जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. एका लहान संस्थानाने हाती घेतलेले हे काम फार मोठे होते. भिंत सुमारे 40 फूट उंच झाली आणि 1918 साली पैशाअभावी काम थांबले. 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. पूर्ण धरण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ते स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात पुरे झाले.

आज या धरणात 8 टीएमसीहून अधिक पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की पाण्याच्याच दाबाने ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट, म्हणजे सुमारे 40 हजार लिटर पाणी पडते. मित्रहो, वही काढा आणि सातही दरवाजे दिवसभर उघडे राहिल्यास किती पाणी जाईल याचे गणित करा. उत्तर सुमारे 86 कोटी घनफूट येईल.

हे गणित केवळ परीक्षेपुरते नाही. हेच पाणी पंचगंगेतून कोल्हापूरला येते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी व 43 फूट ही धोका पातळी मानली जाते. 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्याही वर गेले आणि असंख्य कुटुंबांना घर सोडावे लागले. म्हणून पावसाळ्यात पाटबंधारे खात्यातील माणसे रात्रंदिवस पाऊस मोजतात, धरणाची पातळी नोंदवितात, किती पाणी येणार याचा अंदाज बांधतात. पाणी लवकर सोडले आणि पुढे पाऊस ओढला, तर उन्हाळ्यात पिके वाळतील. सोडण्यास उशीर झाला, तर खालच्या गावांत पाणी शिरेल. त्यांच्या एका आकड्यावर हजारो संसार अवलंबून असतात.

पालकहो, हे काम करणारी माणसे शाळेतूनच घडतात. त्यांना गणित, भूगोल व विज्ञान पक्के यावे लागते. आपला मुलगा असो वा मुलगी, या विषयांत गोडी दिसली तर दहावीनंतर शिक्षण थांबवू नका. महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला, तो कोणा एका जातीधर्मासाठी नव्हता. धरणाचे पाणीही शेत कोणाचे हे विचारत नाही. महाराजांचे अर्धे राहिलेले काम पुढच्या पिढीने पुरे केले. यापुढे ते पाणी नीट राखण्याचे काम आपल्या मुलांकडे येणार आहे. त्यासाठी त्यांना तयार करणे, हीच त्या थोर राजाला खरी आदरांजली ठरेल.