स्टीव्ह मॅक्वीन आणि पाइपांवरचे आवरण

‘द ग्रेट एस्केप’ आणि ‘बुलिट’ गाजवणारा हॉलिवूडचा नायक स्टीव्ह मॅक्वीन याचा जन्म १९३० मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. बालपण ओढाताणीत गेले. १९४७ मध्ये तो मरीन दलात भरती झाला. तेथे जहाजातील पाइपांवरचे ॲस्बेस्टॉसचे आवरण खरवडून काढण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. पुढे तो मोटारशर्यतींत उतरला. त्या काळी शर्यतीच्या अग्निरोधक पोशाखांतही ॲस्बेस्टॉस असे.

ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे आत जातात आणि शरीराला ते सहजासहजी बाहेर टाकता येत नाहीत. आजार उमटायला अनेकदा २० ते ४० वर्षे लागतात. मॅक्वीनला फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, झाल्याचे १९७९ च्या अखेरीस कळले. त्याला स्वतःला जहाजावरच्या त्या कामाचाच संशय होता. मेक्सिकोत शस्त्रक्रियेनंतर ७ नोव्हेंबर १९८० रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी तो गेला.

जुन्या घरात धोका असतो तो याच खरवडण्यात. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा धड पत्रा किंवा पाइप जागेवर असेल, तर त्याला हात लावू नये. त्याला भोक पाडणे, तो फोडणे, घासणे किंवा कोरडा झाडू मारणे टाळावे. साधा कापडी मास्क हे तंतू अडवत नाही. पत्रा काढायचाच असेल, तर प्रशिक्षित माणसांकडून, ओला करून, न फोडता काढून घ्यावा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा. मुलांना त्या वेळी घरापासून दूर ठेवावे.