चाकांच्या खुर्चीतला गुरू

यष्टिरक्षकाकडे प्रेक्षकांचे लक्ष जाते ते झेल सुटला म्हणजे! आमच्या संघात मी ते काम करतो, म्हणून अनुभवाने सांगतो. बेसबॉलमधला आमचा भाऊबंद म्हणजे कॅचर. तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून त्याने फलंदाजाच्या मागे उकिडवे बसायचे, बोटांच्या खुणांनी गोलंदाजाला चेंडू सुचवायचा आणि कोणी चोरून पुढचा बेस गाठू लागला तर फेकीने त्याला बाद करवायचे. रॉय कॅम्पानेला हा असाच एक कॅचर. पण मला तो थोर वाटतो तो निराळ्याच कारणासाठी.

रॉयचा जन्म १९ नोव्हेंबर १९२१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी झाला. वडील इटालियन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. त्या काळच्या अमेरिकेत असा मुलगा काळाच ठरे, आणि काळ्यांना मोठ्या लीगची दारे बंद होती. हायस्कुलात असतानाच त्याचा खेळ जाणकारांच्या डोळ्यांत भरला. १९३७ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, तो एलीट जायंट्स या कृष्णवर्णीयांच्या व्यावसायिक संघात दाखल झाला. शाळा सुटली, पण तेथे त्याला दुसरी शाळा भेटली. बिझ मॅकी हा नामांकित कॅचर त्याचा गुरू झाला. पाय कसे ठेवावेत, हाती आलेला चेंडू किती झटकन सोडावा, हे सारे मॅकीने त्याच्याकडून घोटून घेतले. वर्णभेदामुळे मॅकीला स्वतःला मोठ्या लीगमध्ये कधीच खेळता आले नाही.

शिष्याच्या वेळी मात्र दार उघडले. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून वर्णबंदी मोडली आणि १९४८ मध्ये रॉय त्याच संघात आला. १९५१, १९५३ व १९५५ अशी तीन वर्षे तो आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. १९५३ च्या हंगामात त्याने ४१ होमरन मारल्या. बेस चोरू पाहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण त्याच्या फेकीला बळी पडत. १९५५ साली ब्रुकलिनने आपली एकमेव जागतिक मालिका जिंकली, तेव्हा यष्टीमागे, म्हणजे प्लेटमागे, रॉयच होता.

पुढे डॉजर्सने लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवले. नव्या गावी पहिला सामना होण्यापूर्वीच, २८ जानेवारी १९५८ च्या पहाटे, बर्फाळ रस्त्यावर रॉयची मोटार घसरून खांबावर आदळली. मानेचे मणके मोडले. छत्तीस वर्षांचा तो बलदंड गडी कायमचा पंगू झाला.

७ मे १९५९ रोजी लॉस एंजेलिसला त्याच्या सन्मानार्थ सामना झाला. ९३,१०३ प्रेक्षक आले. मैदानातले दिवे मालवले गेले आणि अंधारात हजारो काड्या पेटल्या. प्रसंग हृद्य खरा. पण काडी ती किती वेळ जळणार? दुसऱ्या दिवसापासूनचे आयुष्य ज्याचे त्यालाच काढायचे असते.

रॉयने ते शिकवण्यात घालवले. फ्लॉरिडातील व्हेरो बीचच्या सरावशिबिरात चाकांच्या खुर्चीभोवती तो तरुण कॅचरांना जमवी. आता उठून दाखवणे शक्य नव्हते. जे आजवर हातपाय आपसूक करत आले, ते शब्दांत उकलून सांगावे लागले. माइक सोशियासारखा पुढे नावारूपाला आलेला कॅचर त्याच्या हाताखाली शिकला. १९६९ मध्ये रॉयला बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. २६ जून १९९३ रोजी तो वारला. त्याच्या गुरूला, मॅकीला, तो मान मिळायला २००६ साल उजाडले. तोवर त्याला जाऊन चाळीस वर्षे लोटली होती.

शरीराने कमावलेले शरीराबरोबर जाते, असे आपण समजतो. मॅकीने दिलेली विद्या मात्र रॉयचे हात निकामी झाल्यावरही दुसऱ्यांच्या हातांत गेली. पुरस्कार तीन मिळाले, ते खेळणाऱ्या रॉयला. माझा नमस्कार खुर्चीतल्या रॉयला आहे.